आगंतुकाचं ताट

झेशुवहून ग्दान्स्कला जायला दोन तऱ्हेच्या गाड्या मिळतात. एक चकचकीत, महागडी, मधल्या स्टेशनांकडे ढुंकूनही न बघणारी. दुसरी जुन्या डब्यांची, स्वस्तातली, वाटेतल्या प्रत्येक स्टेशनाची विचारपूस करत जाणारी. नाताळच्या आदल्या दिवशी योविताने आईसाठी आणि स्वतःसाठी ही दुसरी गाडी निवडली. प्रश्न पैशांचा नव्हता. ऑफिसातलं कोणी मेलं तरी या गाडीत चढणार नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून निवडली.

आईला मात्र तिने सांगितलं, "जलद गाडी भरली होती."

"बरं झालं," गेनोवेफा म्हणाली. "कमी पैशात जास्त वेळ बसायला मिळतंय. लवकर पोचून कोणता वाघ मारायचाय?"

गेनोवेफा उभ्या जन्मात झेशुवच्या पलीकडे गेली नव्हती. तालुक्याच्या इस्पितळातल्या चादरी धुण्यात तिचं आयुष्य गेलं, आणि हात कोपरापर्यंत कायमचे लाल होऊन बसले. मुलगी ग्दान्स्कमध्ये घरांचे नकाशे काढते, या गोष्टीचं तिला एवढं अप्रूप होतं की पाद्र्यापासून पोस्टमनपर्यंत गावातला एकही माणूस तिच्या तावडीतून सुटला नव्हता. यंदा नाताळच्या आदल्या संध्याकाळचं जेवण पहिल्यांदाच मुलीच्या घरी व्हायचं होतं. योविता तिला न्यायला स्वतः आली होती आणि येतानाच टेबल मांडून आली होती. दोघींची दोन ताटं, आणि तिसरं रिकामं, रीतीप्रमाणे. त्या संध्याकाळी कोणी अनोळखी वाटसरू दारात आला तर तो उपाशी परत जाऊ नये म्हणून घरोघरी एक ताट जास्तीचं मांडतात. येत कोणीच नाही. पण मांडतात.

आईचं सामान बघून योविताने कपाळाला हात लावला होता. कोबी भरलेल्या, मोदकांसारख्या उकडींच्या पिशवीचा, वाळवलेल्या अळंब्यांच्या माळेचा, खसखशीच्या केकचा तिला अंदाज होता. झाकणाच्या बादलीचा नव्हता.

"आई, हे काय?"

"कार्प मासा. आपल्या तळ्यातला."

"अगं, ग्दान्स्कला मासा मिळत नाही का? शहर समुद्रकाठी आहे!"

"समुद्रातला तो खारट मेला. त्याला काय चव असणार!"

"पण जिवंत?"

"मग काय मेलेला नेऊ सणाला?"

डब्यात सहा जणांची ती जुनी खोली, समोरासमोर बाकं, सरकतं दार. क्राकुवला एक गृहस्थ चढले आणि दाराजवळच्या कोपऱ्यात शब्दकोडं सोडवत बसले. पाच मिनिटांत गेनोवेफाने त्यांना माहिती पुरवली, "ही माझी लेक. घरं काढते."

"काढते म्हणजे?"

"कागदावर. मग दुसरे लोक ती बांधतात."

"झकास! आणि बादलीत कोण आहे? नाव ठेवलंत का त्याचं?"

"छे हो! नाव ठेवलं की मग कापवत नाही."

गृहस्थ मनापासून हसले. योविताही हसली. त्या डब्यात उगाच लाजण्यासारखं काही नव्हतं. आईने तिच्या खांद्यावर डोकं टेकून एक डुलकी काढली, उठल्यावर तिच्या केसांतून बोटं फिरवली, म्हणाली, "वाळलीस गं." योविताला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की वॉर्सा आलं तेव्हा तिचं खिडकीबाहेर लक्षच नव्हतं.

दार सरकलं आणि दारात ओतिलियाबाई उभ्या.

ओतिलियाबाई म्हणजे योविताच्या ऑफिसच्या मालकीण. गळ्यात लोकरी शाल, पायात उंची कातड्याचे बूट. "योविता! तू? अगं, कसला योग हा! माझी जलद गाडी रद्द झाली, म्हटलं मिळेल ती पकडावी. जागा आहे ना?"

आता इथे चार वर्षं मागे जायला हवं, त्याशिवाय योविता का घाबरली ते कळायचं नाही. ऑफिसात लागल्यावर ओतिलियाबाईंनी नव्या मंडळींना घरी जेवायला बोलावलं होतं. टेबलाभोवती कोणाचे वडील न्यायाधीश निघाले, कोणाची आई दातांची डॉक्टर, कोणाची सतार म्हणा सारंगी म्हणा, तसलं काही वाजवणारी. विचारत विचारत पाळी योवितापर्यंत आली. "आणि तुझी आई काय करते?" योविताला इस्पितळातला वाफेचा वास आला, लाल हात दिसले, आणि तिच्या तोंडून शब्द निघाले, "माझी आई... नाही." बोलायचं असं होतं की माझी आई तशी काही करत नाही. पण वाक्य तिथेच संपलं. ओतिलियाबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. चूक सुधारायला एक क्षण मिळाला होता, पुरेसा मोठा. योविताने तो जाऊ दिला. तेव्हापासून दर नाताळाला ओतिलियाबाई स्वतःच्या हाताने केलेला केक आणून तिच्या टेबलावर ठेवत आणि काही न बोलता निघून जात. बाई सोन्यासारखी होती, हीच तर पंचाईत. वाईट माणसाशी खोटं बोललेलं पचतं.

"बसा ना," योविता उठून म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

ओतिलियाबाई समोर बसल्या. त्यांनी हसून गेनोवेफाकडे पाहिलं, मग योविताकडे. "तुम्ही एकत्र आहात?"

गेनोवेफाचं तोंड उघडलं होतं. लेकीने फोटोत दाखवलेल्या मालकीणबाई प्रत्यक्ष समोर! तिचा चेहरा असा फुलला होता की आता डब्यातल्या सगळ्यांना केक मिळणार होता.

"नाही," योविता म्हणाली.

एकच शब्द. मोठ्याने नाही, हळू. गेनोवेफाचं तोंड तसंच उघडं राहिलं. तिने लेकीकडे पाहिलं, लेक खिडकीबाहेर पाहत होती. मग तिने तोंड मिटलं आणि मांडीवरचा रुमाल नीट केला.

"नाही, नाही, बाईसाहेब," ती म्हणाली. "मी एकटी आहे. या ताईंनी मला खिडकी दिली. भल्या आहेत."

कोपऱ्यातल्या गृहस्थांची पेन्सिल थांबली. त्यांनी चष्म्यावरून एकदा योविताकडे पाहिलं आणि पुन्हा कोड्यात डोकं घातलं. योविताला वाटलं, धरणीने आत्ता पोटात घ्यावं. पण धरणी खालून तासाला ऐंशीच्या वेगाने मागे पळत होती, तिला कुठली सवड!

गाडीने एका वळणावर गचका दिला आणि बादलीतल्या माशाने त्याच क्षणी उसळी मारली. झाकण उडालं, पाण्याचा लोंढा थेट ओतिलियाबाईंच्या बुटांवर.

"अरे देवा!" गेनोवेफा खाली वाकली. वाकली काय, चालत्या गाडीत सरळ गुडघ्यांवर बसली आणि डोक्यावरचा रुमाल सोडून त्याने बूट पुसायला लागली. "माफ करा बाईसाहेब, माझं चुकलं, झाकणाला दोरी बांधायला हवी होती..."

"अहो ताई, उठा! राहू द्या! पाणीच तर आहे."

"तळ्याचं पाणी आहे, डाग पडेल."

आईच्या डोक्यावरचे विरळ पांढरे केस योविताला दिसत होते. रुमाल सोडलेलं तिचं डोकं तिने घराबाहेर कधी पाहिलं नव्हतं. उठून आईच्या काखेत हात घालावा, एवढंच करायचं होतं. अनोळखी म्हातारीलासुद्धा माणूस तेवढं करतो. पण आईला हात लावला तर आपल्या हातावरून सगळं कळेल असं तिला वाटलं. चोराच्या मनात चांदणं. ती बसून राहिली. शेवटी कोपऱ्यातले गृहस्थ उठले आणि त्यांनी गेनोवेफाला हात दिला.

ओतिलियाबाईंना आता त्या बाईंबद्दल माया वाटायला लागली. "एवढा मासा कोणाकडे घेऊन चाललात?"

"लेकीकडे. ग्दान्स्कला."

"काय करते लेक?"

गेनोवेफाने क्षणभर विचार केला. "काम करते," ती म्हणाली. "चांगलं काम आहे. फार शिकली. दर रविवारी फोन करते, एक रविवार चुकवत नाही. आणि खोटं म्हणून बोलत नाही हो! लहानपणापासून जमायचंच नाही तिला. बोलायला गेली की कान लाल व्हायचे."

कोपऱ्यातल्या गृहस्थांनी योविताच्या कानांकडे पाहिलं. योविताने केस पुढे ओढले.

"भाग्यवान आहात," ओतिलियाबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, पण डब्यात सगळ्यांना ऐकू जाईल इतपत, त्या पुढे म्हणाल्या, "आमच्या योविताला बघा, बिचारीला आईच नाही. सणाच्या दिवशी अशी एकटी प्रवास करते. चार वर्षं झाली, मी दरवर्षी घरी बोलावते, पण पोर स्वाभिमानी. येत नाही."

गेनोवेफाने बादलीचं झाकण घट्ट दाबून बसवलं. या लोकांसमोर आपली ओळख दिली नाही, हे तिने केव्हाच गिळलं होतं. बूट, बादली, अळंब्यांचा वास, गावंढळ बोलणं. लेकीला लाज वाटली असेल, वाटते एखाद्या वेळी. पण चार वर्षांपूर्वीच आपल्याला पुरून टाकलंय, हे तिला आत्ता कळत होतं, तेही परक्या बाईच्या तोंडून, सहानुभूतीत घोळून.

"कधी गेली त्यांची आई?" तिने विचारलं.

"बोलत नाही ती त्याबद्दल," ओतिलियाबाई म्हणाल्या.

"बरोबर आहे," गेनोवेफा म्हणाली. "काय बोलणार!"

गाडीला उशीर झाला होता. पुढे कुठे तरी रूळ गोठले होते म्हणे. माल्बोर्कच्या अलीकडे बाहेर निळसर अंधार पसरला आणि गृहस्थांनी काचेवर बोट ठेवलं. "तो बघा. पहिला तारा."

त्या दिवशी पहिला तारा दिसेपर्यंत कोणी जेवत नाही, आणि तारा दिसला की जेवणाआधी चर्चमधून आणलेली पांढरी पातळ पापडी सगळ्यांनी वाटून खायची असते. समोरासमोर उभं राहायचं, एकाने दुसऱ्याच्या पापडीचा तुकडा मोडायचा आणि त्याच्या डोळ्यांत बघून त्याचं भलं चिंतायचं. शत्रू असला तरी टाळायचं नसतं. घरी वेळेवर पोचत नाही हे चौघांनाही कळून चुकलं होतं.

"माझ्याकडे आहे पापडी," गेनोवेफा म्हणाली. तिने छातीशी ठेवलेलं पाकीट काढलं. गावच्या चर्चची पापडी होती ती. योविताने ग्दान्स्कला घेतली नव्हती, आईने फोनवर बजावलं होतं, "तिकडची आणू नकोस, आपली मी आणते."

गेनोवेफाने आधी गृहस्थांशी पापडी मोडली आणि त्यांना गुडघेदुखी न होवो म्हणून चिंतलं. मग ओतिलियाबाईंशी. "तुम्ही दुसऱ्याच्या लेकराला जपता, बाईसाहेब. तुमच्या घरात कधी काही कमी पडू नये." ओतिलियाबाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी तिला मिठी मारली. मग ती योवितासमोर येऊन उभी राहिली.

दोघींची उंची सारखीच. गाडी हलत होती, आईने तोल सांभाळायला वरच्या दांडीला धरलं होतं. योविताला वाटलं, आता ही बोलेल. बोलावं. जोरात बोलावं, कानाखाली वाजवावी, सगळं संपेल.

"ताई," आई म्हणाली. जिने तिला अंगाखांद्यावर खेळवलं, ती तिला ताई म्हणाली. "तुम्हाला कधी कोणासमोर मान खाली घालायची वेळ येऊ नये. आणि तुमच्या आईची काळजी करू नका. ती जिथे असेल तिथे तुमच्यावर रागावलेली नसेल."

आता योविताची पाळी होती. "तुम्हाला..." ती म्हणाली, "तुम्हाला आरोग्य लाभो." पापडी जिभेला चिकटून बसली, खाली उतरेना.

गृहस्थ माल्बोर्कला उतरले. जाताना त्यांनी दोघी बायकांचा निरोप घेतला आणि योवितापाशी थांबले. "गाडी अजून पोचायची आहे," ते म्हणाले. "उतरण्याआधी काही विसरू नका, म्हणजे झालं." ओतिलियाबाईंना वाटलं, ते सामानाबद्दल बोलतायत.

योविताने ठरवलं, त्चेव गेलं की सांगायचं. त्चेव गेलं. मग ठरवलं, शहराचे दिवे दिसले की. दिवे दिसले. मग ठरवलं, ओतिलियाबाई फलाटावरून एकदा निघून गेल्या की आईच्या पाया पडायचं. शेवटी मार्ग तोच उरला होता, त्यात धैर्याची गरज नव्हती.

पण ओतिलियाबाई फलाटावरून निघेनात. "ताई, तुमची लेक कुठे आहे?"

"येईल," गेनोवेफा म्हणाली. बादली तिने दोन्ही हातांनी धरली होती. थंडीने वाफ निघत होती बादलीतून.

"ती येईपर्यंत आम्ही थांबतो. सणाच्या संध्याकाळी तुम्हाला असं एकटं सोडून जाईन होय! योविता, तूही थांब."

आणि त्या तिघी थांबल्या. फलाट रिकामा होत गेला. लोकांना लोक भेटत होते, मिठ्या मारत होते, सामान उचलून पळत होते. गेनोवेफा जिन्याकडे बघत होती, लेकीची वाट पाहणाऱ्या आईने बघावं तशी. सोंग एकदा घेतलं की नीट वठवावं, अर्धवट कशाला! योविता तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

"नसेल यायची," गेनोवेफा अखेर म्हणाली. "कामात असेल. तुम्ही जा, बाईसाहेब, घरी लोक खोळंबले असतील."

"मग तुम्ही आमच्याकडे चला! आगंतुकाचं ताट मांडलेलंच असतं. एवढी वर्षं मांडतोय, एकदा तरी कोणी येऊ दे."

"मी नेते त्यांना," योविता म्हणाली. "ओतिलियाबाई, या माझ्या आई..."

"आईसारख्याच गं!" ओतिलियाबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "किती मोठं मन तुझं! बघितलंत ताई, पोरीला आई नाही, पण वाटेत भेटलेल्या म्हातारीला घरी नेतेय. मी सगळ्यांना सांगणार आहे हे."

वाक्य पुरं करायला अजूनही वेळ होता. ओतिलियाबाईंनी तिच्या गालाचा मुका घेतला, गेनोवेफाचा घेतला, आणि त्या जिना चढून वर पोचेपर्यंत वेळ होता. योविताने तोही जाऊ दिला. वर शाबासकी मिळाली ती वेगळीच.

दोघी घरी पोचल्या. आईने मासा न्हाणीघरातल्या टबात सोडला. "आज तुला जीवदान," ती त्याला म्हणाली. योविताने बीटाचं सूप गरम केलं, उकडी वाफवल्या, मेणबत्ती लावली. आईने घराकडे नजर फिरवली, पडद्याला हात लावून पाहिला, छान आहे म्हणाली. मग ती टेबलापाशी गेली आणि तिसऱ्या ताटासमोर बसली.

"आई, ते नाही. तुझं ताट हे."

"राहू दे. इथे बरं आहे. दार जवळ आहे."

"आई, ते आगंतुकाचं..."

"मग?" आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर योविताला धरायला काहीतरी मिळालं असतं.

योविताने आईचं पाकीट उचललं. पापडीआधी जेवायचं नसतं. पाकीट रिकामं होतं, तळाशी नुसता पांढरा भुगा.

"संपली," आई म्हणाली. "आपलं वाटून झालं की गाडीत."

योविता उभीच राहिली. मग तिने फोन काढला. आई म्हणाली, "ठेव गं, लोक जेवत असतील." तिने ऐकलं नाही. पलीकडे भांड्यांचा, हसण्याचा आवाज आला आणि ओतिलियाबाईंचा, आनंदी, "योविता! कशी आहे तुझी पाहुणी?"

"ती पाहुणी नाही. ती माझी आई आहे. माझी सख्खी आई. मेलेली नाही. इस्पितळात चादरी धुवायची. मी चार वर्षं तुमच्याशी खोटं बोलले."

पलीकडे कोणी तरी दार लावलं. हसणं ऐकू येईनासं झालं.

"ती सगळा वेळ तुझंच सांगत होती," ओतिलियाबाई हळूहळू म्हणाल्या. "दर रविवारी फोन करते, खोटं बोलत नाही. आणि तू समोर बसून ऐकत होतीस?"

"हो."

"तिने माझे बूट पुसले, योविता. गुडघ्यांवर बसून. तू एक शब्द बोलली असतीस तर मी तिला वाकू दिलं नसतं." मग त्या म्हणाल्या, "ठेवते मी. माझ्या घरात माणसं आहेत."

योविताने फोन टेबलावर ठेवला. आई सूपच्या वाडग्यात बघत होती.

"ओरडल्या?"

"नाही."

"ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं," आई म्हणाली. ती उठली, वाडगा लाल हातांनी उचलला आणि योविताच्या शेजारच्या ताटावर येऊन बसली. तिसरं ताट पुन्हा रिकामं झालं. "पुढच्या वर्षी दोन पापड्या आणते," ती म्हणाली. "एक वाटेतच लागते. बस आता, सूप निवतंय."

योविता बसली. चमचा तिने उचलला, पण मान काही केल्या वर होईना.